वाहनखरेदी आणि ग्राहकाचे संरक्षण

जुने वाहन नवे भासवून विकणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये अनुचित व्यापारी प्रथा होय. गोव्यातील एका ग्राहकाने २०११ सालच्या मोटारीचे मूल्य भरले. प्रत्यक्षात त्याला २००९ मध्ये तयार झालेली व अगोदर वापरलेली मोटार देण्यात आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रेत्याविरुद्धचे निष्कर्ष योग्य ठरविले. या कृत्याची माहिती उत्पादकास होती हे सिद्ध न झाल्याने टाटा मोटर्सवरील दायित्व मात्र रद्द केले. अर्थात, उत्पादकास जबाबदार धरावयाचे असल्यास स्वतंत्र पुरावा हवा.

वर्धा जिल्ह्यातील हिंगणीच्या रहिवाशाने नागपुरात वाहन घेतले, तरी २०१९ च्या अधिनियमानुसार त्याला वर्धा येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावयाची असते. वाहनाची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. वकीलही सक्तीचा नाही.

तथापि, तक्रारीपेक्षा दक्षता श्रेयस्कर. वाहन ताब्यात घेतानाच नमुना २१ मधील विक्री प्रमाणपत्रावरील निर्मितीचा महिना व वर्ष आणि चासी क्रमांक पडताळावा, पावती जपून ठेवावी. ग्रामसभेत व शाळेत ही माहिती दिल्यास अनेक कुटुंबांची पुंजी सुरक्षित राहील.