हळदीचा कागद आणि सुगरणीचा खोपा

सुरत महापालिकेच्या शाळा सात माध्यमांत चालतात : गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांतले मराठी वर्ग भरतात ते मुख्यतः खानदेशी मुलांनी. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती, वडिलांच्या मिलमध्ये हिंदी आणि पुस्तकात प्रमाण मराठी. एवढ्या भाषा सांभाळणाऱ्या मुलांना शिकवायचं तरी काय, असं वाटावं. पण लिंबायतमधल्या एका सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो आणि उत्तर मिळालं.

तास विज्ञानाचा होता. टेबलावर स्टीलच्या वाट्या : लिंबाचा रस, धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, साबणाचं पाणी, चुन्याची निवळी. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या टीपकागदाच्या पट्ट्या मुलांनी घरूनच आणल्या होत्या. प्रयोग सुरू व्हायचा होता, तरी अर्ध्या वर्गाच्या वहीत ‘निरीक्षण : कागद लाल झाला’ हे लिहून तयार! बाईंनी ती ओळ सगळ्यांना खोडायला लावली. “आधी बघा. मग लिहा.”

दुसऱ्या बाकावरच्या मुलीने पट्टी धुण्याच्या सोड्यात टेकवली. रंग झटकन पालटला. खाण्याच्या सोड्यात मात्र ती पट्टीकडे बघतच राहिली. तिने लिहिलं : ‘धुण्याचा सोडा – लगेच विटकरी. खाण्याचा सोडा – फिका नारिंगी, उशिरा.’ पुस्तकातल्या ‘लाल’पेक्षा हे कितीतरी खरं आहे. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं राहतं, आम्लारीत तांबडं होतं. खाण्याचा सोडा सौम्य, म्हणून रंगही धड चढत नाही. बाईंनी हे सांगितलं ते तिने लिहून झाल्यावर. विटकरी पट्टीवर लिंबू पिळलं तशी ती परत पिवळी झाली. “बाई, कुकू पुसलं!” एक मुलगा ओरडला. वर्ग हसला, पण तो चुकला नव्हता. खरं कुंकू हळदीला चुना लावूनच करतात.

मग आणखी एकाला आठवलं की पप्पा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये असाच कागद बुडवून बघतात. बघणारच. सुरतेचं पॉलिस्टर रंगवताना पाणी किंचित आम्लधर्मी ठेवावं लागतं, नाहीतर रंगाची छटा बिघडते. हा धडा त्या पोराच्या घरी रोज पगाराबरोबर येत होता, पण शाळेत तो कुणी विचारला नव्हता.

पुढचा तास मराठीचा, बाई त्याच. फळ्यावर बहिणाबाई चौधरींची सुगरणीच्या खोप्याची कविता. बहिणाबाई (1880–1951) जळगावजवळच्या असोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. ओव्या इतरांनी टिपून ठेवल्या आणि संग्रह निघाला त्यांच्या मृत्यूनंतर, 1952 मध्ये. कवितेत खोपा विणणारी आई आहे. पोळ्याला गावी जाऊन आलेल्या मुलाने हात वर केला. “बाई, मी पाहिलं. पिवळ्या डोक्याचा विणत होता. पिवळं डोकं नराचं असतं ना?”

इथे पुष्कळ शिक्षक ‘कविता आहे रे ती’ म्हणून मुलाला बसवतात. या बाईंनी पक्षितज्ज्ञ सलीम अलींचं नाव फळ्यावर लिहिलं. 1930 च्या सुमारास किहीमला त्यांनी याच पक्ष्याचा अभ्यास केला. नर खोपा अर्धा विणतो, मादी येऊन आत-बाहेर पाहते, पसंत पडला तरच पुढचं विणकाम. मग नर दुसरा खोपा विणायला घेतो, दुसरीसाठी. मुलींना हे फार आवडलेलं दिसलं नाही.

विटकरी-नारिंगीवाली मुलगी मात्र अडून बसली. आतलं अस्तर कोण लावतं? मादी. अंडी कोण उबवतं? मादीच. आणि हात नसताना नुसत्या चोचीने एवढं विणणं, हे बहिणाबाईंनी बरोबर पाहिलं की नाही? बाईंनी निकाल दिला नाही. चार ओळी लिहायला सांगितल्या, ‘सुंदर’ आणि ‘छान’ हे शब्द वगळून, स्वतः पाहिलेल्या गोष्टीवर. त्या मुलीच्या वहीत उतरलं : ‘पप्पांच्या नखांत निळा रंग राहतो. रविवारीही.’ दोनच ओळी झाल्या, बाईंनी त्या पुरेशा मानल्या. मीही मानल्या असत्या.

प्रयोगाचं निरीक्षण फळ्यावरून उतरवायचं आणि कवितेचा भावार्थ गाइडमधून, हे आपल्याकडे सर्रास चालतं. दोन्हीकडे रोग एकच आहे : मुलाच्या डोळ्यांवर कुणाचाच विश्वास नाही. त्यावर उपाय करायला प्रयोगशाळा लागत नाही, हे मी लिंबायतला पाहिलं.

सुगरणी पावसाळ्यात विणतात. उधना–जळगाव मार्गावर बारडोली, व्यारा, नवापूर ओलांडताना बाभळींवर आणि विहिरीकाठच्या झाडांवर खोपे लोंबताना दिसतात. यंदा गावी जाताना मुलाला खिडकीची जागा द्या, आणि विणणाऱ्याचं डोकं पिवळं आहे का, हे त्यालाच ठरवू द्या.