संशयाचे अंकगणित

माणसाची पारख त्याच्या संगतीवरून करावी, ही रीत आपल्या समाजाला नवी नाही. पूर्वी हे काम शेजारीपाजारी करीत, फार तर गावचा पोलीस पाटील. आज ते संगणकाकडे आले आहे. कोणी कोणाला दूरध्वनी केला, दोघे किती वेळ बोलले, समाजमाध्यमावर कोण कोणाचा मित्र झाला, अशा कोट्यवधी नोंदींतून संबंधांचे जाळे उभे करावयाचे आणि त्यातून दहशतवादी हुडकून काढावयाचा, असे हे तंत्र आहे. त्याचे समर्थक आणि विरोधक दोघेही बहुधा भावनेच्या भरात बोलतात. आपण थोडा हिशेब मांडून पाहू.

या तंत्राची मोहिनी समजण्याजोगी आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर व्हाल्डिस क्रेब्ज या अभ्यासकाने वर्तमानपत्रांतील बातम्यांच्या आधारे अमेरिकेतील १९ विमान-अपहरणकर्त्यांच्या परस्परसंबंधांचा आराखडा काढला. मोहम्मद अत्ता त्यात केंद्रस्थानी असल्याचे स्पष्ट दिसले. चित्र उद्बोधक होते. परंतु ते गुन्हेगारांची नावे हाती आल्यावर काढलेले होते. घडून गेलेल्या घटनेचे धागे जुळविणे आणि घटना घडण्यापूर्वी तेच धागे लक्षावधी निरुपद्रवी धाग्यांतून वेगळे काढणे, यांत महदंतर आहे.

ते किती, हे साधे गणित सांगते. १ कोटी वस्तीच्या एखाद्या शहरात १०० दहशतवादी आहेत असे समजू. दोषी असो वा निर्दोष, १०० पैकी ९९ माणसांबाबत अचूक निर्णय देणारी चाळणी आपल्यापाशी आहे, असेही धरू. ही चाळणी ९९ दहशतवादी पकडील. पण उरलेल्या निरपराधांपैकी एक टक्का, म्हणजे जवळजवळ १ लाख माणसेही तिच्यात अडकतील. एका दोषीमागे हजार निर्दोष! वर्गात हे उदाहरण फळ्यावर मांडले की विद्यार्थी आकडे पुन्हा तपासून पाहतात. आकड्यांत चूक नसते. दोषी माणसे मुळातच फार थोडी असतात, एवढेच.

मैत्रीच्या साखळीचेही असेच आहे. अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था देशातील दूरध्वनींच्या नोंदी सरसकट गोळा करीत असल्याचे एडवर्ड स्नोडेन यांनी २०१३ मध्ये उघड केले. संशयित क्रमांकापासून तीन कड्यांपर्यंत जाण्याची तिला मुभा होती. प्रत्येक जण १०० माणसांशी बोलतो असे धरले, तर तिसऱ्या कडीला हा आकडा १० लाखांच्या घरात जातो. त्यांत संशयिताचा वाणी आला, डॉक्टर आला आणि त्या डॉक्टरांच्या सगळ्या रोग्यांचे आप्तही आले.

एवढ्या खटाटोपातून निष्पन्न काय झाले? खासगीपणा व नागरी स्वातंत्र्य यांवर देखरेख ठेवणाऱ्या तेथील शासकीय मंडळाने जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला. या योजनेमुळे दहशतवादविरोधी तपासाच्या निष्पत्तीत ठोस फरक पडल्याचे एकही उदाहरण मंडळाला आढळले नाही. २०१५ च्या कायद्याने हे सरसकट संकलन बंद झाले आणि २०२० मध्ये एका अपील न्यायालयाने ते बेकायदेशीर होते असा निर्णय दिला.

मुंबईचा अनुभव तर आपल्या जिव्हारी लागलेला आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचा एक सूत्रधार झरार शाह याच्या संगणकीय हालचालींवर ब्रिटिश गुप्तचरांची हल्ल्यापूर्वीच नजर होती, असे वृत्त डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकन वृत्तसंस्थांनी दिले. माहिती होती, तिचा अर्थ वेळेवर लावला गेला नाही. माहितीची सुबत्ता झाली की अवधानाचे दारिद्र्य येते, हा विचार हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडला होता. त्यांना पुढे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एक अधिकारी हजार निर्दोषांच्या नोंदी चाळीत बसतो, तेव्हा खऱ्या गुन्हेगारावर खर्च व्हावयाचे तास वाया जातात. हा तोटा कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

याचा अर्थ हे तंत्र टाकाऊ आहे असा नव्हे. ज्याच्याविरुद्ध सबळ कारण आहे त्याच्यापासून आरंभ करून त्याचे साथीदार शोधण्यास ते निश्चित उपयोगी पडते. प्रश्न आरंभ कोठून करावयाचा आणि परवानगी कोणी द्यावयाची, हा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तथापि दूरध्वनी ऐकण्याची अनुज्ञा आपल्याकडे सामान्यतः न्यायाधीश देत नाहीत, गृहसचिव देतात. तिचा फेरविचार करणारी समितीही सचिवांचीच असते. शिवाय २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना त्या कायद्यातून सूट देऊ शकते. मागणारा, देणारा आणि तपासणारा असे तिघेही एकाच घरचे असतील, तर हिशेब चोख राहील कसा?

चुकीची किंमत चूक करणाऱ्याला मोजावी लागत नाही तेथे चुका वाढतात, हे अर्थशास्त्राचे प्राथमिक तत्त्व आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, तर संन्याशाचा जीव जातो आणि चोरही मोकळा राहतो. सुरक्षिततेसाठी स्वातंत्र्याचा थोडा त्याग करावा, असे आपल्याला सांगितले जाते. त्याग करण्यास नागरिक तयार होतील. पण त्या मोबदल्यात सुरक्षितता खरोखरच पदरात पडते काय, याचा हिशेब मागण्याचा हक्क त्यांनी सोडता कामा नये.