चौदा पट आणि एक प्रश्न

देवादिकांचें चित्र म्हटलें कीं त्यांत मुखकमल असावयाचें, हात असावयाचे, आयुधें असावयाचीं, अशी आपल्या घरांतील दृष्टि रविवर्म्याच्या छापील चित्रांनीं घडविली आहे. तिच्यापुढें बार्नेट न्यूमन (१९०५–१९७०) या अमेरिकन चित्रकाराचे चौदा पट मांडले, तर ‘यांत काढलें आहे तरी काय?’ असें वडील मंडळी विचारतील. आणि तें विचारणें रास्तच आहे.

रोमन कॅथॉलिक देवालयांत येशूच्या अंतिम यात्रेचीं चौदा स्थानें दाखविलेलीं असतात. दंडाज्ञा, खांद्यावरील क्रूस, मातेची भेट, मृत्यु, थडगें असा तो क्रम. वसईस किंवा गोव्यांत हीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. न्यूमननें आपल्या मालिकेस याच स्थानांचें नांव दिलें. तो स्वतः यहुदी. १९५७ सालीं त्यास हृदयविकाराचा झटका आला आणि १९५८ सालीं पहिले दोन पट झाले. तेव्हां ही मालिका त्याच्या मनांतही नव्हती. चवथ्या पटाशीं आल्यावर आपण काय रंगवीत आहों तें त्यास उमगलें. १९६६ सालीं न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयांत हे पट प्रथम मांडले, तेव्हां टीकाकारांनीं त्यांवर बरेंच तोंडसुख घेतलें. आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयांत आहेत.

प्रत्येक पट सुमारें साडेसहा फूट उंच व पांच फूट रुंद. कापड कोरेंच ठेविलेलें. रंग काळा, पांढरा, क्वचित् करडा. पहिल्या पटाच्या डाव्या कडेस काळा पट्टा आहे. उजवीकडे चिकटपट्टी लावून तिच्यावरून जवळजवळ कोरडा कुंचला फिरविला व पट्टी काढून घेतली. त्यामुळें दोहोंकडील विसकटलेल्या फटकाऱ्यांमध्यें कोऱ्या कापडाची सरळ रेघ उरली. ही रेघ काढलेली नव्हे, राखलेली आहे. नवव्यापासून अकराव्यापर्यंत काळा रंग नाहींसा होतो, बाराव्या-तेराव्यांत तो दाटून येतो, आणि चौदावा पट पुन्हां फिकट.

येथें आमच्या पाठशाळेंतील न्यायशास्त्र उपयोगी पडतें. अभावाचें ज्ञान होण्यास प्रतियोगीचें ज्ञान आधीं लागतें. ज्यानें घट कधीं पाहिलाच नाहीं, त्यास ‘येथें घट नाहीं’ हें कसें कळावें? ती यात्रा ज्याच्या मनांत भरलेली आहे, त्यालाच या पटांतील आकृतीची उणीव जाणवेल. इतरांस त्या नुसत्या रेघा. हें या चित्रांचें सामर्थ्य, तशीच मर्यादाही. एखादाच पट उचलून निनांवी टांगला, तर त्याचा निम्मा अर्थ गळेल, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तथापि पहिलें पतन कोणत्या रेघेंत, दुसरें कोणत्या, असा शोध करणेंही व्यर्थ. न्यूमनच्या मतें हे चौदा प्रसंग नव्हेत. एकच आक्रोश आहे. त्यानें उपशीर्षकही तेंच दिलें, ‘लेमा सबख्थनी’, म्हणजे तूं मला कां सोडलेंस? क्रूसावरील या शब्दांचें मूळ यहुद्यांच्या स्तोत्रांत आहे, म्हणून यहुदी चित्रकारास ते परके नव्हते. कित्येक रसिक अशा चित्रांस शांतरसाचीं म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. शांतांत प्रश्न मावळलेला असतो. येथें तो चौदा वेळां उभा राहतो. हा करुणच, पण अश्रु ढाळण्यास मुखच न ठेविलेला.

१९६६ च्या त्या प्रदर्शनांत चौदांसोबत पंधरावा पटही मांडला होता. त्याच्या एका कडेस तांबडी रेघ आहे. ती नसती तर बरें होतें.