दंतमंजनांतील स्वादद्रव्ये आणि मुखाची ॲलर्जी

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात हिरड्याचे झाड विपुल आढळते. त्याच्या फळाचे चूर्ण अनेक देशी दंतमंजनांत पडते व स्वादासाठी लवंग, दालचिनी, पुदिना यांची जोड दिली जाते. टूथपेस्टमधील स्वादद्रव्येही पुष्कळदा याच वनस्पतींतील असतात. अशा मंजनाने तोंड चुरचुरले म्हणजे ती ॲलर्जीच होय, असे मात्र नव्हे.

येथे तीन क्रिया भिन्न मानावयास हव्यात. हिरड्यातील टॅनिने लाळेतील प्रथिनांशी संयोग पावतात; त्यामुळे जाणवणारा तुरटपणा हा रोग नव्हे. लवंगतेल अधिक लागल्यास कोणाच्याही तोंडाची आग होते. तो केवळ क्षोभ होय. ॲलर्जी मात्र संवेदनशील बनलेल्या व्यक्तीसच होते आणि तीस अल्प मात्राही पुरते. दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड, लवंगेतील युजेनॉल, पुदिन्याच्या काही जातींतील कार्व्होन यांचे लहान रेणू शरीरातील प्रथिनांस चिकटतात. हे संयुक्त रूप टी-पेशी परके म्हणून ओळखतात. पुढील संपर्कानंतर साधारणतः एक ते तीन दिवसांत ओठ सोलवटणे, जिवणी चिरणे, हिरड्या लाल होणे, गालाच्या आत पांढुरक्या रेषा उमटणे अशी लक्षणे दिसू लागतात. या विलंबामुळेच खरे कारण सहसा ध्यानात येत नाही.

निदानासाठी संशयित द्रव्याची पट्टी पाठीवर ४८ तास ठेवतात आणि पट्टी काढल्यावर व पुन्हा सुमारे ९६ तासांनी त्वचेचे निरीक्षण करतात. द्रव्य वर्ज्य केल्यावर लक्षणे ओसरली, तर निदानास पुष्टी मिळते. केवळ मंजन बदलून भागत नाही; टूथपेस्ट सोडून ‘नैसर्गिक’ मंजन घेणाऱ्यास त्यातही तेच युजेनॉल भेटू शकते. वेष्टनावर नुसते ‘स्वादद्रव्य’ एवढेच छापलेले असल्यास हा शोध आणखी कठीण होतो.

ग्रामीण महाराष्ट्रात याहून गंभीर अडचण मशेरीची आहे. दंतमंजनांत तंबाखू घालण्यास १९९२ साली केंद्र शासनाने बंदी केली. तथापि घरी तंबाखू भाजून मशेरी करण्याची चाल त्यानंतरही राहिली. मशेरीमुळेही तोंडात पांढरे चट्टे उठतात व त्यांतील काहींचे पर्यवसान कर्करोगात होऊ शकते. म्हणून ‘दात कशाने घासता?’ हा प्रश्न प्रत्येक रुग्णास विचारला पाहिजे. स्वादद्रव्य वर्ज्य करूनही जो चट्टा टिकून राहतो, त्यास ॲलर्जी म्हणून सोडून न देता त्याची ऊतक-तपासणी करणे अगत्याचे आहे.