तुकडेजोड कामातील शिवणीची माया आणि मापाचा आधार

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या मार्गावर, मराठवाडा व विदर्भ यांच्या सीमेलगत कनेरगाव नाका हे गाव आहे. १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत हिंगोली हा परभणी जिल्ह्याचा भाग होता. कापूस पिकविणाऱ्या या पट्ट्यात जुन्या लुगड्यांची व धोतरांची गोधडी, किंवा तिचेच जाडेभरडे रूप असलेली वाकळ, ही घरोघरची वस्तू होय. गोधडी शिवण्यात मुरलेल्या हातांना समान चौकोनी घटक, म्हणजेच ब्लॉक, जोडून रजई करावयास सांगितले की पुष्कळदा एक विलक्षण गोष्ट दिसते. टाका सरळ असतो, दोरा ताणलेला नसतो, तरीही ब्लॉक एकमेकांशी जुळत नाहीत. यावरून शिवणारीच्या कौशल्याविषयी शंका घेतली जाते. ही शंका कितपत रास्त आहे, हे ठरविण्यासाठी शिवणीच्या मायेचे कार्य मुळापासून समजून घेणे आवश्यक आहे.

शिवणीच्या रेषेपासून कापडाच्या कापलेल्या कडेपर्यंत जे कापड सोडले जाते, त्यास शिवणकामात माया म्हणतात. अंगावरच्या कपड्यात ही माया मापाचा भाग नसते. शिंपी खडूने शिवणीची रेषा आखतो, तिच्याबाहेर हवे तेवढे कापड सोडतो आणि आखलेल्या रेषेवरूनच यंत्र चालवितो. पुढे कपडा सैल करावा लागला तर हीच माया उपयोगी पडते. म्हणून ती एका ठिकाणी अर्धा इंच आणि दुसऱ्या ठिकाणी पाऊण इंच असली तरी बिघडत नाही. मापाचा आधार येथे रेषा हा आहे.

यंत्रावर ब्लॉक जोडताना मात्र रेषा आखलेली नसते. दोन तुकड्यांच्या कापलेल्या कडा एकावर एक ठेवून, त्या कडांपासून ठरावीक अंतरावर शिवण घातली जाते. मापाचा आधार आता कड हा झाला, आणि कडेपासून शिवणीपर्यंतचे अंतर, म्हणजे माया, प्रत्यक्ष मापाचाच घटक बनली. या कामात पाव इंचाची माया रूढ आहे. सुताराच्या परिभाषेत आठ सुतांचा एक इंच होतो. त्या हिशेबाने ही माया दोन सुतांची, अर्थात् ६.३५ मिलिमीटर होय. याहून कमी घेतल्यास विरळ विणीचे कापड शिवणीतून उसवते. अधिक घेतल्यास अनेक शिवणी एकत्र येतात तेथे गाठीसारखा जाडपणा येतो.

चुकीचा परिणाम पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल. अडीच इंचांचे नऊ चौकोन तीन ओळींत जोडले असता प्रत्येक ओळीत दोन शिवणी येतात. दर शिवणीस अर्धा इंच कापड खर्च होऊन साडेसात इंचांचे साडेसहा इंच उरतात. बाहेरची माया शिवली गेल्यावर ब्लॉक सहा इंचांचा होतो. आता माया केवळ अर्ध्या सुताने अधिक घेतली गेली असे समजू. प्रत्येक शिवण दोन्ही तुकड्यांतून कापड घेत असल्याने ती एक सूत जास्त खाते, आणि साडेसहाऐवजी सव्वासहा इंचच हाती येतात. असे आठ ब्लॉक एका ओळीत जोडले तर ब्लॉकांच्या आतील सोळा व त्यांना जोडणाऱ्या सात, अशा एकूण तेवीस शिवणी होतात. तूट २३ सुतांची, म्हणजे २ इंच ७ सुतांची भरते.

तथापि, रजई आखूड होणे हे यातील मोठे नुकसान नव्हे. सर्व ब्लॉक सारख्याच प्रमाणात चुकले तर ते परस्परांशी जुळतातच. खरी अडचण निराळ्या शिवणसंख्येचे ब्लॉक शेजारी आले की उद्भवते. नऊ तुकड्यांच्या ब्लॉकशेजारी साडेसहा इंचांचा अखंड चौकोन ठेवला तर त्याच्यात आतील शिवण नसल्याने त्याचे माप घटत नाही. दोन कडांमध्ये दोन सुतांचा फरक पडतो. तो ताणून जुळविला तर कापडास चुण्या पडतात, आणि रजई जमिनीवर सपाट पसरत नाही.

गोधडीची रचना याहून मूलतः भिन्न आहे. तेथे खाली अखंड लुगडे किंवा जुन्या कापडांचे थर आधी पसरलेले असतात. वरच्या तुकड्यांची कड आत दुमडून, शेजारच्या तुकड्याची कच्ची कड तिच्याखाली झाकली जाते आणि सर्व थरांतून धावदोरा घातला जातो. एखादा तुकडा दोन सुतांनी कमी पडला तर शेजारचा तेवढा अधिक सरकतो. चूक त्या जोडावरच, झाकणीखाली, संपते. उत्तर कर्नाटकातील सिद्दी समाजाची कवंदीही याच तत्त्वावर, कडेकडून मध्याकडे शिवत नेली जाते. या पद्धतीत मापाचा आधार तळाचे कापड हा आहे. तिला कापड अधिक लागते व वजनही वाढते, परंतु थंडीच्या दिवसांत तेच वजन उबेसाठी हवे असते. गोधडीतील तुकड्यांचा असमानपणा हा अचूकतेचा अभाव नसून, तेथे अचूकतेची गरज दुसऱ्या ठिकाणी आहे एवढेच त्यावरून सिद्ध होते.

आधार बदलला की सवयी बदलाव्या लागतात. पहिली बाब कापणीची. वापरून मऊ झालेले लुगडे सहज ताणले जाते. म्हणून त्यास खळ देऊन, इस्त्री करून, उभ्या-आडव्या धाग्यास धरून कापावे. उरेब कापलेली कड हाताळतानाच लांबते. दुसरी बाब दुमडीची. शिवण एका बाजूस दाबली असता कापडाच्या वळणात एकदोन धाग्यांइतके माप जाते. यास्तव शिवण पाव इंचाच्या किंचित आत, कडेकडे घालावी. जाड खादीत ही सूट मलमलीपेक्षा अधिक लागते. तिसरी बाब यंत्राची. दाबपायाची कड सुईपासून पाव इंचावरच असेल असे नाही. सुईखाली मोजपट्टी ठेवून अंतर निश्चित करावे आणि तेथे जाड कागदाची पट्टी चिकटवावी.

या तिन्ही गोष्टी साधल्या की नाही, हे एका साध्या परीक्षेने कळते. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या लांबीने जोडून, इस्त्री न ओढता वरून दाबून सपाट कराव्यात. मधली पट्टी बरोबर एक इंच आणि एकूण रुंदी साडेतीन इंच भरली पाहिजे. मधली पट्टी कमी भरल्यास माया जास्त घेतली गेली, जास्त भरल्यास कमी. प्रत्यक्ष कामातही मोजणी प्रत्येक ओळीनंतर करावी. सर्व ब्लॉक झाल्यावर आढळलेली चूक उसवण्याखेरीज सुधारत नाही, आणि जुने कापड वारंवार उसवणे सोसत नाही.

हाताने शिवणाऱ्यांसाठी आणखी एक मार्ग आहे. पुठ्ठ्याचा साचा तयार मापाचा करून कापडाच्या उलट बाजूस त्याभोवती पेन्सिलीने रेषा आखावी आणि त्याबाहेर अंदाजे पाव इंच सोडून कापावे. टाचणीने दोन्ही तुकड्यांच्या रेषा जुळवून त्यांवरूनच धावदोरा घातला की मापाचा आधार पुन्हा रेषेकडे येतो, आणि माया थोडी कमीअधिक झाली तरी ब्लॉक बिघडत नाही. धावदोऱ्यात तयार झालेल्या हातांना ही रीत यंत्रापेक्षा लवकर साधते.

सारांश, शिंप्याची रेषा, ब्लॉकची कड आणि गोधडीचा तळ हे मापाचे तीन स्वतंत्र आधार होत. एका आधारावर घडलेले कौशल्य दुसऱ्या आधाराच्या कसोटीवर घासले तर निष्कर्ष चुकीचा निघतो. कनेरगाव नाक्यासारख्या गावात प्रशिक्षणाची आखणी करताना, किंवा तेथील काम नाकारताना, शिवणारीला कोणता आधार ठाऊक होता आणि कोणता सांगितला गेला होता, हे प्रथम तपासणे अगत्याचे आहे.