एक जानेवारीच्या दोन याद्या

तेलंगणातल्या भैंशातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 61 पश्चिमेला भोकर, नांदेड, परभणी करत कल्याणला पोहोचतो. तिथून किनाऱ्या-किनाऱ्यानं उत्तरेला गेलं की पालघर जिल्ह्यात तारापूरचं अणुवीज केंद्र लागतं. गावाचं पाणी मात्र उलट्या दिशेनं जातं. सुद्धवागू (तेलुगूत वागू म्हणजे ओढा) गोदावरीला मिळतो आणि गोदावरी खूप खाली मणुगुरूजवळून वाहते. तिथं 1991 पासून नदीच्या पाण्यातून जड पाणी वेगळं काढलं जातं. साध्या पाण्यात हायड्रोजनच्या साडेसहा-सात हजार अणूंमागे जड अणू असतो एखादाच. तारापूरच्या 3 आणि 4 क्रमांकाच्या, प्रत्येकी 540 मेगावॉटच्या अणुभट्ट्यांना असंच जड पाणी लागतं. त्यांचं इंधन तयार होतं हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये. कापूस आणि सोयाबीनच्या हंगामावर जगणाऱ्या भैंशाला अणू परका वाटतो. तरी त्याच्याशी गावाचं नातं नदीनंही आहे आणि रस्त्यानंही.

म्हणूनच एक तारीख इथल्या वाचकानंही लक्षात ठेवावी असं मला वाटतं: 1 जानेवारी. दर वर्षी या दिवशी दिल्लीत आणि इस्लामाबादेत एकाच वेळी याद्यांची देवाणघेवाण होते. कुठली अणुकेंद्रं कोणत्या अक्षांश-रेखांशावर आहेत, हे भारत पाकिस्तानला कळवतो आणि पाकिस्तान भारताला. शत्रूला आपल्या नाजूक जागा आपणच दाखवायच्या, असा हा व्यवहार आहे.

भीतीतून आलेला शहाणपणा

7 जून 1981 रोजी इस्रायलच्या विमानांनी बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी उद्ध्वस्त केली. भट्टी अजून सुरू व्हायची होती, म्हणून किरणोत्सर्गाचा अनर्थ टळला. पण परक्या देशाच्या अणुभट्टीवर बॉम्ब टाकता येतो, हे जगानं पाहिलं. आपल्या उपखंडात पाकिस्तानच्या कहुटा अणुकेंद्राचं नाव घेऊन तशीच कुजबुज सुरू झाली.

17 डिसेंबर 1985 रोजी राजीव गांधी आणि जनरल झिया उल हक यांनी दिल्लीत तोंडी समझोता जाहीर केला, की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात भारतीय सैन्याच्या 'ब्रासटॅक्स' सरावामुळे दोन्ही सैन्यं समोरासमोर आली, तरी शब्द विरला नाही. 31 डिसेंबर 1988 रोजी इस्लामाबादेत राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या उपस्थितीत परराष्ट्र सचिव के. पी. एस. मेनन आणि हुमायूं खान यांनी करारावर सह्या केल्या. करार 27 जानेवारी 1991 पासून लागू झाला आणि पहिली यादी 1 जानेवारी 1992 रोजी दिली गेली.

मजकूर जेमतेम पान-दोन पानांचा. दुसऱ्या देशाच्या अणुकेंद्राचा नाश किंवा नुकसान होईल असं काही करायचं नाही, करवायचं नाही, त्यात सामील व्हायचं नाही. अणुकेंद्रांत वीजकेंद्रं येतात, संशोधनाच्या भट्ट्या येतात, इंधन घडवणारे कारखानेही येतात.

या चार ओळींचं मोल धरणाखालच्या माणसाला लवकर कळावं. जिनिव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेल्या पूरक करारानं धरणं, बांध आणि अणुवीज केंद्रं एकाच कलमात ठेवली, कारण ती फुटली तर मरतो तो लढाईशी संबंध नसलेला माणूस. भैंशाच्या उशाशी गड्डेन्ना वागूचं धरण आहे. त्या पूरक कराराला भारतानं किंवा पाकिस्ताननं अजून मान्यता दिलेली नाही. त्यामुळे अणुकेंद्रांपुरता तरी आपसात लिहून घेतलेला हा शब्द अधिकच मोलाचा ठरतो.

2002 च्या 1 जानेवारीला दोन्ही सैन्यं सीमेवर उभी होती. याद्या दिल्या गेल्या. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर पाच आठवड्यांनी 1 जानेवारी आली. याद्या दिल्या गेल्या. कारगिल झालं, पुलवामा झालं, रिवाज मोडला नाही.

अफवेची किंमत

मे 2025 मध्ये क्षेपणास्त्रं उडाली आणि 10 मे रोजी दोन्ही सैन्यांच्या लष्करी कारवाई महासंचालकांच्या फोनवर गोळीबार थांबला. त्याच दिवसांत पाकिस्तानातल्या एका अणुकेंद्रातून किरणोत्सर्ग सुटल्याची बातमी मोबाइलवरून फिरू लागली. अशी कोणतीही गळती झालेली नाही, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला सांगावं लागलं.

अफवा काय करते हे भैंशाला कुणी शिकवायला नको. 2008, 2020, 2021 ही दंगलींची सालं गावाच्या अंगावर आहेत. बाजारात एक शटर खडखडत खाली येतं, शेजारचा विचारत नाही काय झालं, तोही ओढतो. पाच मिनिटांत अख्खी ओळ बंद. मग जमावबंदी, आणि हातावर पोट असलेल्याची चूल थंड.

अशा गावात सणाआधी शांतता समिती बसते. समोरासमोर बसलेल्यांचा एकमेकांवर विश्वास असतोच असं नाही. पण मिरवणूक कोणत्या रस्त्यानं, किती वाजता, कुठे वाजंत्री थांबवायची, काही कानावर आलं तर आधी फोन कुणी कुणाला करायचा, हे बोलून ठरतं. विश्वास नसतो म्हणूनच तर बसायचं असतं. दिल्ली-इस्लामाबादची यादी मला याच बैठकीची थोरली बहीण वाटते. दोन्हीकडे शांतता टिकते ती रोष असतानाही पाळलेल्या रिवाजावर.

रिवाज वाढवताही येतो. ब्राझील आणि अर्जेंटिना ही एकेकाळची प्रतिस्पर्धी राष्ट्रं. 18 जुलै 1991 रोजी त्यांनी करार करून संयुक्त तपासणी संस्था उभी केली. आज एका देशाचे निरीक्षक दुसऱ्याच्या अणुकेंद्रात जाऊन साठा मोजतात. आपल्याकडे भारत-पाकिस्तानमधला 2007 चा करार अण्वस्त्रांच्या अपघातांपुरता आहे. तारापूर आणि कराचीची अणुवीज केंद्रं मात्र एकाच अरबी समुद्राच्या काठावर, सरळ रेषेत सुमारे 800 किलोमीटरवर आहेत. वारा आणि लाट पासपोर्ट दाखवत नाहीत. दोन्ही किनाऱ्यांवरच्या किरणोत्सर्गाच्या नोंदी रोज एकमेकांना आणि लोकांनाही दिसाव्यात, एवढं तरी या यादीला जोडायला हवं. मग अफवेला जागा उरणार नाही.

1 जानेवारीला आणखी एक यादी दिली जाते, कैद्यांची. 2025 च्या यादीत पाकिस्ताननं आपल्या तुरुंगातले 217 मच्छीमार भारतीय किंवा भारतीय समजले जाणारे म्हणून कळवले. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारी पालघर जिल्ह्यातली माणसंही अशी पकडली जातात. समुद्रात रेषा आखलेली दिसत नाही. बोट मासळीमागे जाते आणि घरी बाई यादीत नाव शोधत बसते. तारापूर ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातली ही घरं. भट्टीला अभय देणारी दोन सरकारं खलाशालाही अभय देऊ शकतात. तोच दिवस, तीच कचेरी, तेच टपाल. पहिली यादी जपायची आहे. दुसरी रिकामी करायची आहे.