मिलिव्होल्टांचा हिशेब

बदलापूर-अंबरनाथच्या रासायनिक कारखान्यांतली यंत्रे बेलवलीत बसून दुरुस्त करणाऱ्याला ऑपअँपचा इतिहास टेबलावर येणाऱ्या बोर्डांतूनच कळत जातो. आयसी सुधारत गेला, तसतसा दोष आयसीबाहेर सरकत गेला.

जुन्या बोर्डांवर हमखास 741. फेअरचाइल्डच्या डेव्ह फुलागरने 1968 मध्ये कॉम्पेन्सेशनचा 30 पिकोफॅरडचा कॅपॅसिटर आयसीच्या पोटातच घातला. आधीच्या 709 ला कॉम्पेन्सेशन बाहेरून जोडावे लागे. ती कटकट संपली. उरला ऑफसेट, म्हणजे इनपुट शून्य असतानाही ऑपअँपला भासणारे व्होल्टेज. कॉलेजात ऑपअँप शिकवतात तो आदर्श, त्याचा ऑफसेट शून्य. भट्टीवरचा के-टाइप थर्मोकपल मात्र अंशाला जेमतेम 41 मायक्रोव्होल्ट देतो, आणि साध्या 741 चा ऑफसेट 6 मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो. म्हणजे जवळजवळ दीडशे अंशांची चूक! 1 आणि 5 नंबरच्या पिनांवर प्रीसेट लावून ती घालवता येते, पण पॅनेल तापले की शून्य पुन्हा हलते. ओपी07 च्या चांगल्या ग्रेडने हीच चूक दोन अंशांच्या आत आणली. तो महाग पडे खरा; प्रीसेट फिरवत बसणाऱ्याची मजुरी मात्र कुणी हिशेबात धरत नसे.

पीएच मीटरचे दुखणे निराळे. काचेच्या इलेक्ट्रोडचा रोध शंभर मेगाओहम आणि त्याहूनही जास्त. त्यातून 741 चा 80 नॅनोअँपियर इनपुट करंट गेला तर आठ व्होल्ट होतात, आणि मोजायचे असतात पीएचच्या एका अंकाला 59 मिलिव्होल्ट. म्हणून सीए3140 आला, मॉसफेट इनपुटचा, दहा पिकोअँपियरवाला. कागदावर प्रश्न मिटला. पावसाळ्यात उल्हास नदीकाठची हवा तो पुन्हा उकरून काढते. न पुसलेल्या फ्लक्सने ओल धरली आणि 15 व्होल्टच्या ट्रॅकपासून इनपुटपर्यंतचा रोध 10 गिगाओहमवर उतरला, तरी दीड नॅनोअँपियर गळतो. रीडिंग अडीच अंकांनी खोटे. अशा वेळी आयसी बदलून काही होत नाही. फ्लक्स धुवा, इनपुटभोवती त्याच व्होल्टेजची गार्ड रिंग ठेवा, वरून लॅकर मारा.

पुरवठ्याचेही तसेच. एलएम324 मुळे उणे पुरवठ्याची गरज सुटली. पण 5 व्होल्टवर त्याचे आउटपुट साडेतीनच्या आसपासच थांबते, हे विसरून केलेली डिझाइन्स अजून येतात.

आता झिरो-ड्रिफ्ट आयसीचा ऑफसेट काही मायक्रोव्होल्टच असतो. तरीही भट्टीचे तापमान चुकीचे दिसते, कारण थर्मोकपलच्या टर्मिनलजवळ हवा तो कोल्ड-जंक्शन सेन्सर कुणीतरी ट्रान्सफॉर्मरला खेटून बसवलेला असतो.